सात मिनिटं पुढे चालणारा भुंगेरा

१

पेटीतल्या सात खळग्यांपैकी एक रिकामा दिसला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की झालं, आजचं जेवण बुडालं.

खरं तर मी त्या घरी बुधवारी जाणार होते. पण बुधवारी दातांच्या डॉक्टरने बोलावलं, म्हणून न कळवताच मंगळवारी सकाळी दहाला देलेत्रांच्या दाराची घंटा वाजवली. नोव्हेंबर एकसष्ट. बाहेर उत्तरेचा वारा असा सुटला होता, की टोपी धरावी तर पिशवी जाते आणि पिशवी धरावी तर टोपी. असा वारा तीन दिवस चालला की अख्खं जिनिव्हा एकमेकांवर खेकसत फिरतं. मी मात्र बारा महिने खेकसते, त्यामुळे माझ्यात कुणाला फरक जाणवत नाही.

मी इडा रोशे. जुन्या दागिन्यांवरची मीनाकारी दुरुस्त करते. तेओदोर देलेत्रा वसंतात वारले, आणि त्यांनी जमवलेली सात सोन्याची घड्याळं मृत्युपत्राप्रमाणे गुरुवारी संग्रहालयात जायची होती. जाण्याआधी प्रत्येक घड्याळ तपासून त्यावर सही करायची, एवढंच माझं काम.

दीडशे वर्षांपूर्वी आमच्या इथल्या कारागिरांना घड्याळ घड्याळासारखं दिसलं की कमीपणा वाटायचा. म्हणून एक नाशपती, एक स्ट्रॉबेरी, ट्यूलिपची कळी, शिंपला, मेंडोलिन, फुलपाखरू आणि भुंगेरा. बाईने गळ्यात घालावं, छातीवर लावावं, आणि त्याच्या पोटात काटे फिरताहेत हे शेजारणीला कळूही नये.

सहा जागेवर होती, सहाही थांबलेली. भुंगेरा नव्हता. अंगठ्याच्या पेराएवढा, लाल पंखांवर काळे ठिपके. शेपटीशी दाबलं की पंख उघडतात आणि खाली शर्टाच्या बटणाएवढी तबकडी दिसते. सातांतला सगळ्यात जुना तोच.

"मादमोआझेल रोशे, तुम्ही कशाला हात तर लावला नाही ना?" गास्पार देलेत्राने विचारलं. हा तेओदोरांचा पुतण्या. दोन वर्षांपासून खालच्या मजल्यावर राहायचा, मृत्युपत्राची व्यवस्था पाहायचा, आणि बोलताना कोटाची बटणं मोजायचा.

"मी आत्ता तुमच्यासमोर पेटी उघडली," मी म्हटलं. "तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्हीच सांगा."

"मी फक्त विचारलं."

"मीही फक्त उत्तर दिलं."

तेवढ्यात दारात तेओदोरांच्या पत्नी, मादाम आलीन देलेत्रा, येऊन उभ्या राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काळ्या पोशाखातल्या, काठीसारख्या ताठ. रिकामा खळगा त्यांनी पाहिला, आणि तशाच खुर्चीत बसल्या.

"काकू, तुम्ही मुळीच त्रास करून घेऊ नका," गास्पार म्हणाला. "मी घराची झडती घेतो."

आणि तो खरंच निघाला. पंधरा मिनिटं कपाटांच्या फळ्या आपटल्याचा आवाज येत राहिला. मग मागच्या बोळातून त्याचा विजयी स्वर आला.

"सापडला! आणि कुठे सापडला, ते येऊन बघा!"

२

बोळात एका खुर्चीवर शिवणाची टोपली होती. भोक पडलेले मोजे, उशीचे अभ्रे, आणि त्यांच्या खाली भुंगेरा. टोपली होती एर्सिलियाची.

एर्सिलिया इटलीतल्या बेर्गामोच्या डोंगरातली, तिशीची. चौदा महिन्यांपासून या घरी कामाला. स्वयंपाकघराच्या दारात ती हात पुसत उभी होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो राग, आणि तोही झाकण ठेवलेला.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" गास्पारने विचारलं.

"काही नाही."

"टोपली तुझीच ना?"

"माझीच."

"मग हे आत कसं आलं?"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून, बोळाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईकडे पाहत ती म्हणाली, "मादामना विचारा."

"काकूंना काय विचारायचं? काकूंना यात ओढू नकोस!" गास्पार टेलिफोनकडे वळला. चौकीवर त्याच्या ओळखीचा कुणी होता. पोलीस दोन वाजता येणार असं ठरलं. चोरीचा ठपका म्हणजे एर्सिलियाचा कामाचा परवाना रद्द, आणि संध्याकाळच्या गाडीने सरहद्दीपार. ही सगळी गोष्ट त्याने दूध उतू गेल्याच्या सुरात सांगितली.

वस्तू मिळाली होती. मी सही करून घरी जाऊ शकत होते. दुसऱ्यांच्या घरची भांडणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरचा कचरा, असं माझे वडील म्हणत. पण पंखांना ओरखडा गेलाय का हे पाहायला मी भिंग लावलं, शेपटीशी दाबलं, पंख उघडले, आणि माझ्या तोंडून शिवीच निघाली.

भुंगेरा चालू होता.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते मी रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी लावते. दहा पन्नास. भुंगेऱ्यात दहा सत्तावन्न.

"काय झालं?" गास्पार म्हणाला. "काही तुटलंय?"

"पेटीतल्या घड्याळांना चावी शेवटची कधी दिली?"

"शनिवारी दुपारी. म्हातारा पाश येतो दर शनिवारी. गेली चाळीस वर्षं येतोय. का?"

"ही घड्याळं एका चावीत तीस तास चालतात," मी म्हटलं. "शनिवारी चावी दिली, रविवारी रात्री थांबली. बाकीची सहा थांबलीच आहेत. आज मंगळवार आहे, महाशय. हे का चालतंय?"

त्याने कोटाचं वरचं बटण धरलं. "चोराने दिली असेल चावी!"

"कशाने?"

चाव्यांचा जुडगा नेहमी पेटीच्या खणात असायचा. आम्ही खण उघडला. जुडगा नव्हता.

३

जुडगा शनिवारीच पाशने दुरुस्तीला नेला होता, हे आठवायला गास्पारला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मला आयुष्यात परत मिळणार नाहीत. मी एर्सिलियाला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावलं.

"हे काय आहे?" मी भुंगेरा तिच्यासमोर धरला.

"किडा."

"किडा कसला?"

"सोन्याचा. छातीला लावायचा. मी पेटीवरची धूळ पुसते, काचेतून दिसतो."

"आणि आत काय आहे?"

तिने खांदे उडवले. मी शेपटीशी दाबलं. पंख उघडले, तशी ती एकदम मागे सरकली आणि मग पुढे वाकली. "अगं बाई! याच्या पोटात घड्याळ?" घटकाभर ती सगळं विसरून लहान मुलीसारखी बघत राहिली. मग काय चाललंय ते आठवून पुन्हा गप्प झाली. असं नाटक करता आलं असतं, तर ती लोकांचे मोजे शिवत बसली नसती.

"हे टोपलीत कुणी टाकलं, तू पाहिलंस."

तिने ओट्यावरचं फडकं उचलून पिळलं.

"पाहिलंस ना? मग बोल की! दोन वाजता पोलीस येतोय!"

"बाई, तुम्ही ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये! माझा आवाजच असा आहे!"

"मी सांगितलं तर कोण खरं मानणार?" ती शांतपणे म्हणाली. "म्हणतील, चोर तर चोर, वर दुसऱ्यावर ढकलतेय. ज्याने केलं त्याने सांगायला हवं. मी दोन वाजेपर्यंत थांबेन."

"आणि दोनपर्यंत कुणी बोललं नाही तर?"

"तर कोण कसं आहे, ते मला कळेल."

स्वाभिमान असावा माणसाला. पण पोलीस यायला तीन तासही उरलेले नसताना कुणी तो असा इस्त्री करत बसलं, की माझं डोकं फिरतं. मी टोपी चढवली, तपासायचा आहे असं सांगून भुंगेरा पिशवीत टाकला आणि पुन्हा त्या वाऱ्यात निघाले.

४

पाशचं दुकान नदीपलीकडे सें-झेर्वेला, पाचव्या मजल्यावर. जुने घड्याळजी उजेडासाठी छपराखालीच बसत. गुडघ्यांचा विचार कुणी केला नाही. माझे वडील त्याच्या शेजारच्या खोलीत मीनाकारी करायचे. पाश आता ऐंशीचा आहे आणि मला अजून पोरीच म्हणतो.

"ये पोरी. दार लाव. वारा आत आणू नकोस."

"पाशकाका, जुडगा कुठे आहे?"

"हा काय. नाशपतीच्या चावीची मान गेलीये. सात चाव्या, मोजून घे." त्याने वर न पाहता जुडगा पुढे सरकवला. "शनिवारपासून याच टेबलावर आहे."

मी सगळी हकिगत सांगितली. भुंगेरा नाहीसा झाला म्हटल्यावर त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. तो टोपलीत सापडला म्हटल्यावर हात थांबला. आणि तो चालू होता म्हटल्यावर पठ्ठ्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि काम सुरू केलं. या माणसाला काहीतरी ठाऊक होतं, आणि ते तो सांगणार नव्हता. एका दिवसात असं दुसरं माणूस!

"सात मिनिटं पुढे होता," मी म्हटलं.

"अशक्य. तो भुंगेरा दिवसाला दोन मिनिटं मागे पडतो. चाळीस वर्षांत पुढे कधी गेलेला नाही."

"म्हणजे कुणीतरी आज सकाळीच काटे सात मिनिटं पुढे लावलेत."

"मी तसं म्हटलं नाही."

"दुसरी चावी आहे का त्याची?"

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"बावीस साली एक केली होती," शेवटी तो म्हणाला. "कुणासाठी, ते विचारू नकोस."

"पाशकाका, एका बाईला आज देशाबाहेर काढतील!"

"घड्याळजी आणि डॉक्टर, पोरी. दोघांनी आत पाहिलेलं पोटात ठेवायचं असतं." मग त्याने भिंग माझ्याकडे सरकवलं. "पण तुला डोळे आहेत ना? बापाने शिकवलंय ना पाहायला? मग पंख काय बघतेस? पंख सगळेच बघतात. तबकडी बघ."

मी तिथेच, त्याच्या खिडकीच्या उजेडात, भुंगेरा उघडून भिंगाखाली धरला. चावी घालायच्या भोकाभोवतीची पांढरी मीनाकारी खरवडली होती. केसाएवढ्या रेघा, शेकड्यांनी, एकावर एक. काही ताज्या, पण बहुतेक इतक्या जुन्या की त्यांत मळ बसून त्या तपकिरी झाल्या होत्या.

सकाळी बाकीच्या सहा तबकड्या मी पाहिल्या होत्या. त्यांवर एक रेघ नव्हती.

५

मी परत आले तेव्हा पावणेएक झाला होता. मादाम आपल्या खोलीत होत्या. गास्पार दाराबाहेर पहारा द्यावा तसा उभा. "काकू थकल्यात. आणि हे पाहा, तुमचं काम मीनाकारी तपासायचं आहे."

"तेच करतेय," मी म्हटलं आणि आत जाऊन दार लावलं.

खोली थंडगार होती. पलंग, लाकडी कपाट, त्यावर एक काळं घड्याळ, आणि खिडकीशी त्या. समोर सूपची वाटी तशीच, वर साय धरलेली.

"बसा, मादमोआझेल. तुम्ही उद्या येणार होतात."

"दात," मी म्हटलं.

"हो का." त्या कसनुसं हसल्या. "एका दातामुळे."

त्याचा अर्थ मी विचारणार, तोच कपाटावरच्या घड्याळाने एकचा टोला दिला. मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. बारा त्रेपन्न.

"तुमचं घड्याळ पुढे आहे, मादाम."

"मीच ठेवते तसं. लग्न झाल्यापासून. तेओदोरना उशीर झालेला चालत नसे."

मी भुंगेरा उघडून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. एक वाजून गेला होता त्यात. कपाटावरचं काळं घड्याळ आणि हा किडा, सगळ्या जिनिव्हात एवढे दोघेच एकमेकांशी सहमत होते.

"मादाम, दुपारी दोन वाजता पोलीस येतोय. मी बोलू, की तुम्ही?"

"मला काही कळत नाही तुम्ही काय म्हणता ते," त्या म्हणाल्या. पण हात गळपट्टीकडे गेला. तिथे एक बारीक साखळी आत उतरली होती.

"मग मी बोलते. याला चावी आज-काल दिली गेली. जुडगा शनिवारपासून नदीपलीकडे आहे, म्हणजे चावी दुसरी. काटे सात मिनिटं पुढे, आणि हा किडा स्वतःहून मागे पडतो. म्हणजे आज सकाळी कुणीतरी तो या खोलीतल्या घड्याळाशी जुळवला. एर्सिलिया ही खोली झाडते, तेव्हा गास्पार म्हणेल तिनेच. पण चावीच्या भोकाभोवती चाळीस वर्षांच्या रेघा आहेत. एर्सिलिया आली गेल्या वर्षी. गास्पार परवाचा. पाशचा हात अजून रेघ पाडत नाही. या घरात चाळीस वर्षं कोण आहे, मादाम?"

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. वाऱ्याने तावदान थडथडत होतं.

"एकोणीस साली दिला त्यांनी मला तो," खूप वेळाने त्या बोलल्या. "तेव्हा संग्रह वगैरे काही नव्हतं. मी होते आणि भुंगेरा होता. रविवारी देवळात पाद्र्याचं प्रवचन संपता संपायचं नाही, तेव्हा मी शालीखाली हळूच पंख उघडून वेळ बघायची आणि त्यांना कोपराने खुणावायची. ते हसू दाबायचे. मग त्यांनी दुसरं घड्याळ घेतलं. तिसरं घेतलं. मग पेटी आली, काच आली. एक दिवस म्हणाले, आलीन, हे आता वापरायचं नाही, फार मोलाचं आहे. त्या दिवसापासून ते माझं राहिलं नाही. काही वर्षांनी बहुधा तेही राहिले नाहीत."

"आणि पाशने चावी करून दिली."

"ते दुपारी झोपायचे. मी तो पाच मिनिटं पेटीतून काढायची. रोज." त्यांनी साखळी ओढून टोकाची चावी दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. "गुरुवारी तो जाणार. मला तीन दिवस हवे होते, बस. आज संध्याकाळी परत ठेवणार होते. घंटा वाजली, तुमचा आवाज ऐकला, तशीच ठेवायला धावले. पण तुम्ही दोघं पेटीपाशी पोचला होतात. बोळात टोपली होती..."

"तीन दिवस माझे घ्या, तीस घ्या!" मी उसळले. "माझं त्याच्याशी भांडण नाही! पण तो टोपलीत सापडला तेव्हा तोंड का नाही उघडलं?"

"गास्पारसमोर? या वयात? मी माझ्याच घरात चोरी करते म्हणून?" त्यांनी चावी मुठीत आवळली. "वाटलं, काहीतरी मार्ग निघेल. वस्तू मिळाली म्हटल्यावर मिटेल."

"मादाम, तिने तुम्हाला पाहिलंय. स्वयंपाकघराच्या दारातून. सकाळपासून तिला ठाऊक आहे, आणि ती तुमची वाट बघतेय."

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. चेहरा असा उतरला, की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

खाली दाराची घंटा वाजली. पोलीस वीस मिनिटं आधीच आला होता.

६

पोलीस तरुण होता, वाऱ्याने लाल झालेला, आणि गास्पार त्याला टोपली, मोजे, अभ्रे असं क्रमाने दाखवत होता. एर्सिलिया भिंतीशी उभी. तिने आपली कपड्यांची पेटी भरून शेजारी ठेवली होती.

मादाम बोळातून चालत आल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"काकू, तुम्ही कशाला उठलात? मी बघतो सगळं."

"तू पुष्कळ बघितलंस, गास्पार. आता गप्प बस." मग पोलिसाकडे वळून, प्रत्येक शब्द सुटा सुटा करत: "भुंगेरा मी काढला. टोपलीत मी टाकला. या बाईने काही केलेलं नाही. तिच्यावर आळ आला तेव्हा मी तीन तास गप्प बसले. हे सगळं लिहून घ्या. शेवटचं आधी लिहा."

गास्पारने सगळी बटणं एकदम चाचपली. "म्हणजे, गैरसमज झाला असं म्हणू या. काकूंचं वय..."

"गैरसमज नाही. मी घाबरले. लिहा."

पोलिसाने बिचाऱ्याने लिहून घेतलं, मग ते खोडायचं की ठेवायचं हे न कळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ठेवा. तो गेला. त्याच्यामागोमाग गास्पारही संग्रहालयाला काय सांगायचं ते पुटपुटत खाली गेला. संग्रहालयाला सांगायचं काय? गुरुवारी सातही घड्याळं मिळाली. भुंगेऱ्याच्या कागदावर मी लिहिलं, 'चावीच्या भोकाभोवती वापराच्या खुणा. त्या पुसू नयेत.' आणि सही केली.

पण ते नंतर. तेव्हा बोळात आम्ही तिघीच उरलो होतो.

"एर्सिलिया," मादाम म्हणाल्या, "मी माफी मागते. ती पेटी पुन्हा आत ठेव."

एर्सिलियाने एप्रन सोडला, नीट चौघडी करून खुर्चीवर ठेवला. "तुम्ही सांगितलंत, ते चांगलं केलंत, मादाम. मी त्याबद्दल काही मनात ठेवणार नाही. पण तीन तास मी त्या दारात उभी होते. आता मला या घरात चहा ढवळता येणार नाही."

"कुठे जाशील? दुसरी नोकरी नसेल तर परवाना..."

एर्सिलियाने पेटीकडे पाहिलं. मादामनी एप्रनकडे. आता या दोघी संध्याकाळपर्यंत अशाच उभ्या राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या पोटात सकाळपासून कण नव्हता, दात ठणकत होता. माझ्याकडे दोनच खोल्या, एक भट्टी, आणि मला माणसं आवडत नाहीत.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं. "काचेची पूड खलायला कुणीतरी हवंच आहे. हात दुखतात माझे. कागद मी करते."

एर्सिलियाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्याकडे? तुम्ही तर सगळ्यांवर ओरडता."

"हो."

"तोंडावरच ओरडता ना?"

"मग काय पाठीमागे ओरडू?"

तिने पेटी उचलली. "मग चालेल," ती म्हणाली.